दहाव्या दिवसाचा ताप

मागच्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. आवाज ओळखीचा वाटला, पण कोणाचा ते आठवेना.

"काका, ओळखलंत का? धायरीला तुमच्या खालच्या मजल्यावर राहायचो आम्ही."

ओळखलं. वीस वर्षं उलटून गेली होती. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हणालो, "बसा."

"बसलेच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या यजमानांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं होतं आणि आता केमो सुरू होणार होती. "डॉक्टर चांगले आहेत. पण एक इंग्रजी पत्रक हातात देतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. मुलगी इंटरनेटवर वाचत बसते आणि डोळे पुसत उठते. मला आठवलं, काकूंच्या वेळी तुम्ही वही ठेवली होती, रोजची. ती आहे का अजून? असली तर द्याल का थोडे दिवस?"

मी म्हणालो, "शोधून सांगतो."

शोधायची काहीच गरज नव्हती. वही कपाटात खालच्या खणात आहे, हे मला रोज माहीत असतं. तिच्यातल्या एका पानावरचा एक आकडा खोटा आहे. तो मी लिहिलेला आहे. त्यामुळे जे झालं त्याचा दोष ज्यांच्यावर गेला, त्याच बाई आता ती वही मागत होत्या.

म्हणून आधी जे झालं ते जसं झालं तसं लिहून काढतो.

मी भोसरीला एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, मायक्रोमीटरने मोजायचा, आकडा नोंदवहीत लिहायचा. मापात असला तर पुढे, नसला तर बाजूला. सव्वीस वर्षं हेच केलं. देशाचे दरवाजे उघडले आणि परदेशी गिऱ्हाइकं यायला लागली, तेव्हा नोंदवहीचे नियम कडक झाले. खोडरबर बंद, पांढरी शाई बंद. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक झाकायची नाही, दिसू द्यायची. हा नियम मला फार आवडला होता. नव्यांना मी तो मोठ्या हौसेने शिकवत असे.

पुढे त्याच गिऱ्हाइकांसाठी नवी यंत्रं आली, ती स्वतःच मोजायची. माझ्यासारख्या दोनेकशे जणांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कंपनीची होती. घरी आलो, सहा महिने बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मग बायकोच्या छातीत गाठ सापडली.

मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, डोसनंतरचा दिवस, ताप, वजन, जेवण, झोप, शेरा.

"कंपनीने सोडलं आणि मला धरलं," ती म्हणाली. "मी काय तुमचा जॉब आहे का, मोजत बसायला?"

ऑपरेशनची जखम भरल्यावर केमोचे सहा डोस ठरले, दर एकवीस दिवसांनी एक. केमो म्हणजे एखादं मोठं यंत्र असेल, तिला त्यात सरकवतील, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात एक आरामखुर्ची होती आणि सलाईनचा स्टँड. शेजारी तशाच पाच-सहा खुर्च्या. एका खुर्चीत एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते आणि अडलं की सिस्टरना विचारत होते. खरं सांगायचं तर मी थोडा निराश झालो.

तिच्या औषधांतलं एक लाल होतं, थेट कोकम सरबताच्या रंगाचं. सिस्टरनी ते मोठ्या सिरिंजमधून सलाईनच्या नळीत स्वतःच्या हाताने सावकाश दिलं. मध्येच थांबून विचारत होत्या, "जळजळतंय का? जरा जरी जळजळलं तरी सांगा." शिरेच्या बाहेर गेलं तर कातडी जळते म्हणे. औषध जात असताना तिला तोंडात बर्फाचे खडे धरायला दिले होते. मी विचारलं, हे कशाला? सिस्टर म्हणाल्या, "तोंड गार असलं की तिकडे रक्त कमी जातं. मग औषधही कमी जातं, तोंड कमी येतं. काहींना उपयोग होतो." इतकी साधी युक्ती. मी ती तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतली.

"घरी लघवी लाल होईल," त्या म्हणाल्या. "रक्त नाही, औषध आहे. घाबरू नका."

ती घाबरलीच. मी वहीत लिहिलं: साडेपाच वाजता लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी. दुपारी नेहमीसारखी.

"हे पण लिहिता?"

"रंग कधी गेला ते कळायला नको?"

"नको," ती म्हणाली.

केमो म्हणजे सतत उलट्या, असं आम्ही ऐकून होतो. पहिल्या दिवशी ती घरी येऊन पोहे खाऊन गप्पा मारत बसली आणि मला वाटलं, हिला लागूच पडलं नाही. उलटीवरच्या औषधामुळे पहिले दोन दिवस तरतरी असते, झोपसुद्धा उडते, हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी ती तरतरी एकदम उतरली. थकवा हा शब्द तिला पसंत नव्हता. "थकवा काम केल्यावर येतो," ती म्हणायची. "मी काही केलेलं नाही. कोणीतरी माझं वजन दुप्पट केलंय आणि काट्यावर दिसू देत नाहीये." मी काट्यावर पाहिलं. एक किलो कमीच होतं.

पोट साफ होईना. मग सिस्टरनी फोनवर सांगितलं की उलटीच्या गोळ्यांनी तसं होतं, तीन दिवस वाट पाहायची नसते, पहिल्या दिवशीच सांगायचं असतं. चहाला लोखंडाची चव यायला लागली. मी तिच्या कपातला चहा पिऊन पाहिला. चहासारखा चहा होता. मग स्टीलच्या चमच्याऐवजी प्लॅस्टिकचा दिला, तर आमटी थोडी बरी लागली. हा शोध माझा आहे आणि त्याचा मला उगीचच अभिमान आहे. दिवस उन्हाळ्याचे होते. मी मार्केट यार्डातून आंब्याची पेटी आणली होती, गवतात रचून ठेवली होती. जन्मभर आंब्यासाठी जीव टाकणारी ही बाई त्या वासाने दार उघडून जिन्यात जाऊन बसली. पेटी खाली शेजारणीकडे गेली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, औषध कॅन्सरचं आहे, मग जीभ का बिघडते? ते म्हणाले, "औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही. जे भराभर वाढतं त्याच्यावर ते जातं. केस, तोंडातलं अस्तर, पोट, रक्तातल्या पेशी. सगळ्यांनाच मार बसतो. चांगल्या पेशी सावरतात, वाईट तितक्या सावरत नाहीत. त्या सावरण्यासाठी मधले दिवस." मधले एकवीस दिवस म्हणजे सुट्टी, असं मी समजत होतो. तो उपचाराचाच भाग होता.

केस सोळाव्या दिवशी जायला लागले. आधी डोकं दुखरं झालं, केस ओढून बांधल्यावर दुखतं तसं, आणि मग उशीवर, भांगात, हातात. खालच्या बाई कात्री घेऊन वर आल्या. त्या सरकारी कचेरीत होत्या, त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात. आमच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. धायरीत तेव्हा नुकत्याच इमारती उठत होत्या, पाण्याचा टँकर आला की आख्खी इमारत खाली जमायची, आणि त्या रांगेतच बायकोची आणि त्यांची गट्टी जमली होती. त्यांनी बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं, तिला स्टुलावर बसवलं आणि बारीक केस कापले.

"काकू, तुमचं डोकं किती छान गोल आहे हो. माझं मागून चपटं आहे. माझ्यावर ही वेळ आली तर मी दार उघडणार नाही."

"तुझ्यावर नको यायला," बायको म्हणाली. "आणि भुवया पण जातात का गं? विचार यांना, यांच्याकडे रकाना असेल."

भुवयांचा रकाना नव्हता. मी आखला.

आता नियम. पहिल्या डोसलाच सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितले होते आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने चौकट करून लिहिले होते. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत जेवण ताजं, शिजवलेलं, गरम. कापून ठेवलेली फळं नाहीत, कच्ची कोशिंबीर नाही, रस्त्यावरचा उसाचा रस नाही. ताप शंभर पॉइंट चारवर गेला तर लगेच हॉस्पिटल. "फोन करत बसू नका, किती वाजलेत बघू नका. निघा. आणि आपल्या मनाने तापाची गोळी देऊ नका. ताप लपतो, आजार लपत नाही." खबरदारी म्हणून खालच्या बाईंनाही मी ते पान वाचून दाखवलं होतं, कारण दुपारी मी बाहेर गेलो की त्या सुट्टीच्या दिवशी तिच्याजवळ बसत.

दुसरा डोस झाला त्याच सुमाराला मुलाचं अमेरिकेला जायचं ठरलं. तो हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सकाळी सातला कंपनीच्या बसने जायचा, अंधार पडल्यावर यायचा. कंपनी त्याला वर्षभरासाठी पाठवत होती. आमच्या इमारतीतलं तोवर कोणी गेलं नव्हतं. त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. "बाबा, आईला ताप आला तर मी जाणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील. तुम्ही फक्त मला खरं सांगा."

मी म्हणालो, "वही आहे की."

जायच्या आदल्या दिवशी, म्हणजे डोसनंतरच्या दहाव्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता मी ताप पाहिला. पाऱ्याचा थर्मामीटर. तिला चष्म्याशिवाय तो दिसत नसे. मी खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला. शंभर पॉइंट आठ.

परत झटकून लावला. शंभर पॉइंट आठ.

"किती?" तिने विचारलं.

आतल्या खोलीत मुलगा बॅग भरत होता. त्याच्या मापाच्या नव्या लोकरी कोटाचा कागद खुळखुळत होता. मी म्हणालो, "नव्याण्णव पॉइंट दोन."

"अंग तर कढत वाटतंय."

"मे महिना आहे. माझंही वाटतंय."

वहीत नव्याण्णव पॉइंट दोन लिहिलं आणि तिला तापाची एक गोळी दिली. डोकं दुखतं म्हणत होतीस ना, असं म्हणून. वहीत त्या पानावर खाडाखोड नाही. अक्षर सुंदर आहे.

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, रागाने कमी, कुतूहलाने जास्त. सव्वीस वर्षांत मापाबाहेरचा एक जॉब मी सोडलेला नव्हता. त्यासाठी वरच्या साहेबांशी भांडलेलो होतो. मला वाटतं, मी घरी बसलेला माणूस होतो आणि घरातलं कोणीतरी कुठेतरी जात होतं. ते मला थांबवायचं नव्हतं. एका रात्रीने काय होतं, असंही मनात आलं. प्रत्येक मापाबाहेरचा जॉब पुढे ढकलणारा माणूस हेच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. सकाळी गोळीने ताप उतरलेला होता, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. आदल्या दिवशीचा आकडा मीच खोटा लिहिला होता, आणि सकाळी तो पाहून माझाच त्यावर विश्वास बसला. नऊच्या सुमाराला खालच्या बाई खिरीची वाटी घेऊन आल्या. दर वर्षी त्यांच्याकडे पौर्णिमेला तांदळाची खीर होई आणि आमच्याकडे येई.

"आत्ताच उतरवलीय, हात लावून बघा, वाटी धरवत नाहीये," त्या मला म्हणाल्या. "ताजं, शिजवलेलं, गरम. बसतं ना तुमच्या चौकटीत?"

"बसतं," मी म्हणालो.

बायकोने चार चमचे खाल्ले. थांबली. "अगं, हिला चव आहे," ती म्हणाली. आठ-दहा दिवसांत कशालाच चव लागली नव्हती. तिने वाटी संपवली. मुलाने पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. जेवण करून बाराला तो टॅक्सीने मुंबईला निघाला. निघताना त्याने वही उघडून पाहिली होती.

चार वाजता, मे महिन्यात, तिने दोन गोधड्या मागितल्या. दात वाजत होते. एकशे तीन. मी रिक्षा आणली. मुलाला कळवलं ते तो तिकडे पोहोचल्यावर.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. वेगळ्या खोलीत ठेवलं, शिरेतून प्रतिजैविकं सुरू केली. डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?"

"आज दुपारी चारपासून."

त्यांनी वही चाळली. "इतकी व्यवस्थित वही मी पाहिली नाही. दोन तासांत आणलंत, चांगलं केलंत. लोक आख्खा दिवस घालवतात."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आठ दिवस ती तिथे होती, त्यातले तीन दिवस कोणी मला काही सांगायला तयार नव्हतं. माझी थोरली बहीण मदतीला आली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "खाण्यात काय आलं होतं?" मी सांगितलं, सकाळी खीर. "घरची?" मी म्हणालो, खालच्यांकडची. तिने कपाळाला हात लावला. "त्यांच्याकडची? अरे, अशा आजारात बाहेरचं कशाला द्यायचं?"

बाहेरचं म्हणजे आमच्या घरात भेळ, वडापाव. वर्षानुवर्षं ज्या घरी आमची वाटी जाते-येते, त्या घराला तिने तो शब्द लावला. का लावला, ते तिला कळत होतं आणि मलाही. आम्ही स्वतःला सुधारलेले समजत होतो. त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की ताप खिरीच्या आदल्या संध्याकाळचा आहे. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. मी गप्प बसलो. माझी सोय तिच्या समजुतीत झाली.

तिसऱ्या दिवशी खालच्या बाई ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात आल्या. हातात पेजेचा थर्मास. बहीण दाराशी स्टुलावर बसली होती.

"आता काही आणत जाऊ नका हो," ती म्हणाली. "एकदा आणलंत तेवढं पुरे झालं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत होतो. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तापाचा तक्ता आता हॉस्पिटलच ठेवत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि थर्मास घेऊन परत गेल्या.

बायको घरी आली. तिसरा डोस पंधरा दिवस पुढे गेला, औषध थोडं कमी केलं, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं पोटात घ्यावी लागली. नखं काळी पडली, हाताची शीर दोरीसारखी कडक झाली, आणि सहाव्या डोसनंतर तीन महिन्यांनी डोक्यावर केस आले ते कुरळे. जन्मभर सरळ केस होते तिचे. असं का होतं ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. एक वर्षाने ते पुन्हा सरळ झाले.

खालून काही येईनासं झालं. जिन्यात भेट झाली की "बरं आहे ना काकू?" एवढंच. बायकोला लाज वाटायची, आपल्या माणसांनी बोल लावला म्हणून, आणि तरीही मनात किंतू होता. एकदा भाजी निवडताना तिने मला विचारलं, "खरंच खिरीने ताप येतो का हो?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

दोन वर्षांनी ते लोक घर बदलून गेले. बायको त्यानंतर पुष्कळ जगली. तो आजार परत आला नाही. ती गेली हृदयविकाराने, झोपेत. मधल्या सगळ्या वर्षांत, दर उन्हाळ्यात, ती एकदा तरी म्हणायची की त्या खिरीसारखी चव पुन्हा लागली नाही. मला सांगायला तेवढ्या संधी मिळाल्या होत्या.

बाईंच्या फोननंतर चार दिवस मी वही बाहेर काढून टेबलावर ठेवली. तशीच देता आली असती. नव्या वहीत उतरवून, ते पान गाळूनही देता आली असती. पण मग एक साधी गोष्ट लक्षात आली. ते पान वाचून त्या काय शिकणार? दहाव्या दिवशी नव्याण्णव पॉइंट दोन असताना अकराव्या दिवशी अचानक एकशे तीन होतो, म्हणजे आदल्या दिवशी काही करण्यासारखं नसतंच. हे खोटं आहे आणि त्यांच्या घरात ते धोक्याचं आहे.

मी नव्याण्णव पॉइंट दोनवर एकच आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: १००.८. तापाची गोळी दिली. कोणाला सांगितलं नाही. खाली सही केली आणि आजची तारीख घातली. मग मुलाला फोन केला. तो तिकडेच स्थायिक झाला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मी गेलो नसतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "म्हणूनच." त्यानंतर आम्ही तिथल्या थंडीबद्दल बोललो.

त्या बाई आता हिंजवडीला मुलीकडे राहतात. मुलगा ज्या रस्त्याने बसने जायचा, त्याच रस्त्याने रिक्षाला पावणेदोन तास लागले. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. यजमान सोफ्यावर बसलेले, वाळलेले, पण डोळे चौकस.

"या. वहीवाले काका आले," ते म्हणाले. "लघवी लाल होते म्हणे?"

"ते तिचं औषध होतं. तुमचं वेगळं असणार, डॉक्टरांना विचारा. आतड्याच्या औषधाने कधी कधी गार वस्तूला हात लावला की मुंग्या येतात म्हणे. आधी विचारून ठेवा."

"मग बर्फ?"

"तो तर विचारल्याशिवाय नकोच."

ते खूश झाले. त्यांच्याकडे प्रश्नांची यादी होती. केस सगळे जातात का; सगळ्या औषधांनी नाही. काम करता येतं का. काही दिवस येतं, कोणते ते एक-दोन डोसांनंतर कळायला लागतं. कंटाळा येतो का, फार. मी उत्तरं देत होतो आणि बाई वही चाळत होत्या. त्या पानावर मी कागदाची पट्टी घातली होती. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

मी म्हणालो, "ताप खिरीच्या आदल्या संध्याकाळी आला होता. मला माहीत होतं. मुलाचं जाणं राहील म्हणून लपवला. हॉस्पिटलात तुम्ही आलात तेव्हाही माहीत होतं."

यजमानांनी यादीचा कागद खाली ठेवला.

"खिरीने काही झालेलं नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, काका," त्या म्हणाल्या. "पातेल्यातून वाटीत, वाटीतून काकूंच्या तोंडात. मध्ये फक्त जिना होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ऐकणारं कोण होतं? तुम्ही तर वाचत होतात."

त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. "काकूंना माहीत होतं का?"

"नाही. तिने विचारलं होतं एकदा. मी सांगितलं नाही."

त्यांनी पानावरून बोट फिरवलं, रेघेवरून. "ते वाईट केलंत," त्या म्हणाल्या.

मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता निघावं. पण त्या एक नवी वही आणि पट्टी घेऊन आल्या आणि माझ्या वहीत बघून रकाने आखायला बसल्या. तारीख, दिवस, ताप, वजन. शेवटी त्यांनी एक रकाना जास्त आखला आणि वर लिहिलं: दुसरी सही.

"तापाचा आकडा दोघांनी वाचायचा," त्या म्हणाल्या. "तुमच्या कारखान्यात नव्हती का अशी पद्धत?"

"होती. पण घरी मी एकटाच होतो."

"घरी काकू होत्या. चष्मा द्यायचा होतात."

यजमान म्हणाले, "पहिला डोस सोमवारी आहे, आजपासून कशाला?"

"आधीचा आकडा माहीत नसला तर नंतरचा कशाशी लावणार?" त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य माझं होतं, कधीतरी जिन्यात मीच त्यांना ऐकवलेलं. थर्मामीटर बॅटरीवरचा होता. वाजल्यावर त्यांनी तो काढून वाचला, आकडा न सांगता माझ्यापुढे धरला. मुलगी ऑफिसात होती. मी चष्मा लावला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन."

त्यांनी तोच आकडा लिहिला, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी शेवटच्या रकान्यात सही केली. वेळ घालायची राहिली होती, ती त्यांनी घालायला लावली.